लिंडेनश्टाफेलच्या अठ्ठावन्न अंगठ्यांबाबत

जबाब

दिनांक १२ ऑक्टोबर २००७, वार शुक्रवार, वेळ सकाळी ९ वाजून ४० मिनिटे. ठिकाण पोलीस ठाणे, स्टुटगार्ट.

मी अहिल्याबाई शशिकांत निकम, वय ७१ वर्षे, धंदा घरकाम, शिक्षण चौथी पास, कायम राहणार वडूज, तालुका खटाव, जिल्हा सातारा, सध्या मुक्काम मुलगा कपिल याचेकडे, लिंडेनश्टाफेल ७, तिसरा मजला, स्टुटगार्ट. स्वतः हजर होऊन सांगते ते असे.

मला कोणी धरून आणलेले नाही. चिठ्ठी आली होती, तिच्यात सोमवारी या असे होते. मी आज शुक्रवारीच आले, कारण माझे काम आज दुपारी बाराच्या आतले आहे. ते पुढे येईल. सोबत मैथिली आहे. ही पोरगी इथल्या विद्यापीठात पीएचडी करते. मी बोलते ते ती तोंडी जर्मन करून साहेबांना सांगते आणि मराठीत कागदावर उतरवते. सांगेन ते सगळे लिहायचे असा आमचा ठराव झाला आहे.

माझे पती कै. शशिकांत निकम हे पोलीस खात्यात रायटर हवालदार होते. एकतीस वर्षे त्यांनी लोकांचे जबाब लिहिले. कच्चा जबाब घरी आणून मोठ्याने वाचायचे आणि मी भाकरी थापता थापता ऐकायची. एखाद्या ठिकाणी मी मान हलवली की तिथे खोडायचे. त्यामुळे जबाब कसा असतो हे मला ठाऊक आहे. माझा स्वतःचा आज पहिल्यांदाच लिहिला जातो आहे, याचा मला आनंद आहे. मैथिली म्हणते, "आजी, जबाबात आनंद लिहीत नाहीत." लिही म्हटले.

साहेबांचे नाव हेर मॉक, हेर म्हणजे इथले श्रीयुत. वय तिशीच्या आतबाहेर, पोट नाही. आमच्याकडे पोट नसलेल्या फौजदाराला कोणी जुमानत नसे. पण खुर्ची त्यांनी स्वतः उचलून दिली, हे नमूद व्हावे. कॉफी विचारली. आज घरी घट बसायचे आहेत, मला उपास आहे, कॉफी चालते म्हणून घेतली.

आम्ही राहतो ते घर चार मजली असून चढावर आहे. शेजारून दगडी पायऱ्यांची वाट खाली शाळेकडे उतरते, माझी नात ईप्सिता, वय ९, त्याच वाटेने जाते. तळमजल्यावर बेकरी होती. बेकरीवाले म्हातारे श्टायगर दोन वर्षांपूर्वी वारले, तेव्हापासून ती बंद आहे. त्यांची बायको, फ्राऊ म्हणजे श्रीमती श्टायगर, वय ८६, पहिल्या मजल्यावर एकटी राहते. तिचा मुलगा हेर श्टायगर हा गावाबाहेर राहतो व आमचा घरमालक आहे. त्याने बेकरीच्या जागी श्पीलहाले काढायला देण्याचे ठरविले. श्पीलहाले म्हणजे जुगाराची यंत्रे लावलेले दुकान. आमचा कपिल त्याला कॅसिनो म्हणतो. त्याच्या काचांवर चकाकणारे कागद चिकटवतात, आतले बाहेर दिसू नये म्हणून. राटहाउस म्हणजे नगरपालिकेची कचेरी. तिथे हरकती लेखी द्यायच्या होत्या. मुदत आज दुपारी बारापर्यंत. शुक्रवारी इथली कचेरी बाराला कुलूप लावते आणि सोमवारपर्यंत देव आला तरी उघडत नाही.

ज्याला विरोध करायचा ते आधी बघावे, म्हणून दिनांक २ रोजी मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास स्टेशनजवळच्या अशाच एका दुकानात मी एकटी जाऊन आले. कोणी अडवले नाही. नऊवारीतल्या बाईला अडवायचे कसे हे त्यांना ठरवता आले नसावे. कॉफी फुकट दिली. आत पाच इसम होते आणि प्रत्येकासमोर एक यंत्र. कोणी कोणाशी बोलत नव्हते. भिंतीवर घड्याळ नव्हते, सगळ्या भिंती बघितल्या. आमच्याकडे पतींनी जुगाराचे कितीतरी अड्डे पकडले, पंचनामे मीच ऐकले आहेत. त्यात निदान चार माणसे समोरासमोर बसलेली असत, भांडत तरी असत. इथे माणूस बटण दाबतो आणि यंत्र गाणे म्हणते. मी रमी खेळते. चांगली खेळते. हे नको लिहू असे मैथिलीला म्हणाले होते, पण ठराव ठराव आहे.

सह्या गोळा करण्याचे काम हेर फोगेल या निवृत्त मास्तरांकडे होते. त्यांनी पट्टीने रकाने आखले होते. नाव, पत्ता, सही. दिनांक ६ रोजी शनिवारी ते घरोघर निघाले तेव्हा मीही शंकरपाळ्यांचा डबा घेऊन त्यांच्याबरोबर गेले, दुभाषी ईप्सिता. मास्तरांनी डब्याबद्दल विचारले. मी सांगितले की रिकाम्या हाताने कोणाच्या दारात जायची मला सवय नाही, तुमच्या हातात कागद आहे, माझ्या हातात हे असू द्या.

घर नंबर ५ मध्ये भाजीचे दुकान चालवणारे तुर्की कुटुंब राहते. दुकानदाराने सही केली, त्याच्या बायकोने केली. कोपऱ्यात दुकानदाराची आई हातिजेबाई, वय अंदाजे ७८, शेंगा सोलत बसली होती. मास्तर तिला न विचारता वळले. मी ईप्सिताला म्हणाले, "ह्यांना का नाही विचारलं?" दुकानदार म्हणाला, आईला लिहिता येत नाही. हातिजेबाईने शेंगांवरून नजर वर केली नाही. मी म्हणाले, "मग अंगठा घ्या की."

मास्तर म्हणाले, "नाइन," म्हणजे नाही. अंगठ्याला रकाना नाही असे त्यांचे म्हणणे. मी म्हणाले, "पट्टी आहे ना तुमच्याकडे? आखा मग." त्यांनी पट्टी काढली आणि रकाना आखला. शाईचे पॅड कोपऱ्यावरच्या वहीपेनाच्या दुकानातून आणले, रंग जांभळा. कागदावर काय लिहिले आहे ते हातिजेबाईला तिच्या मुलाने तिच्या भाषेत वाचून दाखवले. तिने पदराला, म्हणजे डोक्यावरच्या रुमालाला, हात पुसला आणि अंगठा दिला. नंतर तो अंगठा तिने धुतला नाही. रविवारी भेटली तेव्हाही जांभळाच होता, आणि ती तो आतल्या बाजूला लपवत नव्हती.

त्यानंतर जे झाले ते मी घडवून आणले नाही, एवढे साहेबांनी ध्यानात घ्यावे. वरच्या गल्लीतले दोन म्हातारे म्हणाले, आम्हालाही तसेच. मग दाताची डॉक्टरीण. मग एक प्रोफेसर, त्यांनी आधी सही केली आणि मग त्या सहीवर विश्वास नसल्यासारखा अंगठाही दिला. ईप्सिता लांब उभी राहून "पाइनलिश, आजी, पाइनलिश" म्हणत होती. मैथिली सांगते त्याचा अर्थ लाज आणणारे असा होतो. मला वाटले छान म्हणते आहे. सोमवार संध्याकाळपर्यंत सत्तावन्न अंगठे झाले. शंकरपाळे दोनदा तळावे लागले.

कपिलने मला बसवून सांगितले. "आई, इथे अंगठ्याचा ठसा फक्त गुन्हेगाराचा घेतात. लोकांचे ठसे असे जमवायचे नसतात, डाटनशुट्स नावाचा कायदा आहे, लोकांची खासगी माहिती जपण्याचा." मी विचारले, लोकांनी आपण होऊन दिला तरी? तो म्हणाला, "ते तुला नाही कळणार." खरे आहे. पण साहेब, आमच्याकडे अंगठा देणे म्हणजे मी इथे होतो आणि हे मला मान्य आहे, एवढेच. सही पोरगासुद्धा बापाची करतो. अंगठा ज्याचा त्याचाच.

आमच्या कागदाविरुद्ध पोलिसांत जी तक्रार झाली, तिच्यात असेही आहे म्हणे की प्रत्येक ठशाशेजारी अनोळखी लिपीत गुप्त खूण आढळली. साहेबांनी कागदावर त्याला लाल गोल केले आहेत, मी पाहिले. ती खूण माझ्या हातची आहे. "नि. डा. हा. अं." म्हणजे निशाणी डाव्या हाताचा अंगठा. पतींनी प्रत्येक कागदावर असेच लिहिले. अंगठा कोणता ते लिहिले नाही तर कोर्टात वकील फाडून खातो. साहेबांनी हे वहीत उतरवून घेतले आणि मला पुन्हा एकदा म्हणायला लावले.

आता फ्राऊ श्टायगरबद्दल. इथे प्रत्येक बिऱ्हाडाने पाळीपाळीने आठवडाभर जिना झाडायचा असतो. त्याला केरवोखे म्हणतात. केर त्यांच्यातही आहे हे ऐकून मला बरे वाटले. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी अडकवतात. ऑगस्टमध्ये ती पाटी श्टायगरबाईंच्या दाराला लागली. त्यांचे हात थरथरतात. भीतीने नव्हे, दुखण्याने. कपही अर्धाच भरतात. मी कोणाला न विचारता त्यांचा जिना झाडून काढला. त्यांनी दार उघडून पाहिले, आत जाऊन खुर्ची आणली, जिन्यात बसल्या आणि राहिलेले कोपरे मला बोटाने दाखवू लागल्या. तेव्हापासून रोज दुपारी साडेतीनला मी त्यांच्याकडे असते. त्या इथल्या खेडवळ बोलीत बोलतात, मी साताऱ्याच्या. त्यांची बोली मैथिलीलाही धड कळत नाही. आमचे भागते. एकदा ईप्सिता बरोबर असताना त्यांनी मला खाली बंद बेकरीत नेले. भट्टीचे लोखंडी दार उघडले आणि माझा हात धरून आत घातला. भट्टी थंड होती. त्या काय म्हणाल्या ते मी ईप्सिताला नंतर विचारले, तर तिला ते सांगता आले नाही.

त्यांचा अंगठा मी मागितला नाही. कपिलने मला आधीच बजावले होते. "आई, खालच्या आजींना यात ओढू नकोस. मालक आहे तो आपला. घर सोडा म्हणाला तर ऐन थंडीत कुठे शोधू?" मी कबूल केले होते.

दिनांक ९ रोजी मंगळवारी दुपारी साडेतीनला मी नेहमीप्रमाणे गेले. ईप्सिता बरोबर होती, कारण तिथे केक मिळतो. हातिजेबाईही होती, तिला मी बोलावले होते, कारण दोघी म्हाताऱ्या एकाच गल्लीत तीस वर्षे राहून एकमेकींच्या घरात गेलेल्या नव्हत्या. कागद माझ्या पिशवीत होता, कारण संध्याकाळी तो मास्तरांना परत द्यायचा होता. हे खरे आहे. पॅडही पिशवीत होते. तेही खरे आहे. श्टायगरबाईंनी पॅडच्या शाईने जांभळा झालेला माझा अंगठा बघितला. मग हातिजेबाईचा बघितला. मग पिशवीकडे बोट दाखवले.

मी मान हलवून नको म्हटले. त्यांनी परत बोट दाखवले. मालकिणीला तिच्या स्वयंपाकघरात किती वेळा नाही म्हणायचे? मी कागद काढला. ईप्सिताने उभे राहून तो शाळेत वाचतात तसा जर्मनमध्ये पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. श्टायगरबाईंनी मध्ये एका वाक्याला थांबवून परत वाचायला लावले. ते वाक्य बेकरीच्या जागेबद्दलचे होते. मग त्यांनी अंगठा दिला. साक्षीदार हातिजेबाई आणि ईप्सिता. ईप्सिता अज्ञान आहे, तिला धरू नये. हा अठ्ठावन्नावा.

बुधवारी दुपारी हेर श्टायगर आला. आईचा जांभळा अंगठा पाहून त्याने चौकशी केली आणि तिसऱ्या मजल्यावर आला. दारात माझी सून ऊर्मिला होती. तो काय बोलला हे मला कोणी सांगितले नाही. दार बंद झाल्यावर ऊर्मिला बराच वेळ कणीक मळत होती. संध्याकाळी तक्रार झाली व मास्तरांच्या घरून कागद पोलिसांनी ताब्यात घेतला. तक्रार मैथिलीने मला आज वाचून दाखवली. त्यात लिहिले आहे की, आईचे हात थरथरतात, तिला स्वतः ठसा देता येणे शक्य नाही, भाडेकरूच्या आईने तिचा हात धरून तो कागदावर दाबला. घराचा अर्धा हिस्सा आईच्या नावावर आहे हे मला आज कळले. म्हणजे त्या नको म्हणाल्या तर जागा देता येत नाही. म्हणून हा एक अंगठा इतरांहून जड आहे. तो खोटा ठरला तर मास्तर म्हणतात अख्खा कागद संशयात जाईल. आणि बारा वाजून गेले तर खरा ठरूनही उपयोग नाही. कपिल बुधवारपासून माझ्याशी जेवढ्यास तेवढे बोलतो. आज मी निघाले तेव्हा जिन्यात मागून येऊन शाल माझ्या खांद्यावर ऊर्मिलानेच टाकली.

साहेबांनी मला सरळ विचारले, "तुम्ही फ्राऊ श्टायगरचा हात धरला होता का?" वेळ दहा वाजून पन्नास.

मी उत्तर दिले की, होय, धरला होता.

साहेबांची भुवई हलली नाही. एवढे सांगितले आणि समोरचा माणूस नुसती मान डोलावतो, म्हणून मला शंका आली. मी मैथिलीला विचारले, "काय सांगितलंस गं त्यांना?"

ती म्हणाली, "आजी, तुम्ही थोडं थांबा."

"काय सांगितलंस?"

"सांगितलं की तुम्ही शेजारी बसला होता."

"हवालदाराच्या बायकोच्या जबाबात भर घालतेस?"

"भर नाही घातली, गाळलं फक्त. आजी, तुम्हाला कळतंय का, हेच तर त्यांना हवंय. हात धरला म्हणालात की संपलं. कागद गेला."

मी तिच्याशी वाद घातला नाही. टेबलावरून हात पुढे केला, तिचे मनगट धरले आणि तिचा अंगठा साहेबांच्या वहीवर टेकवून दाखवला. मग साहेबांकडे बघून, "फ्राऊ श्टायगर, जा, गेनाऊ," म्हणजे हो, अगदी असेच, एवढे जर्मन मी स्वतः बोलले. आता मात्र भुवई हलली. मैथिलीचे डोळे भरून आले. ती चांगली मुलगी आहे, तिच्यावर काही ठपका ठेवू नये.

मग मी राहिलेले सांगितले. कागदावर श्टायगरबाईंच्या ओळीत दोन ठसे आहेत. एक फिसकटलेला आहे, सांडल्यासारखा. दुसरा स्वच्छ, रेघा मोजता येतील असा. पहिला त्यांनी स्वतः दिला. कोणी हात लावला नव्हता. मन लावून दिला, पण हात थरथरला आणि डाग पडला. तो त्यांना पटला नाही. नवऱ्याच्या बेकरीचे हिशेब या बाईंच्याच अक्षरात होते म्हणे, त्यातले एक पान भिंतीवरच्या चौकटीत अजून आहे. त्यांनी परत बोट पॅडकडे नेले, तेव्हा मी मनगट धरले, आणि दुसरा ठसा सुरेख आला. त्यांना बरे वाटावे म्हणून धरले. कायद्याने पाहता ती माझी चूक आहे. हात धरून घेतलेला अंगठा हा अंगठा नव्हे, हे मी एकतीस वर्षे ऐकत आले आहे. तरी माझे साहेबांना एवढेच सांगणे आहे की, त्यांनी स्वच्छ ठसा बाद करावा आणि फिसकटलेला धरावा. तो खरा आहे. सुरेख आलेला जो आहे त्यात अर्धी मी आहे.

 यावर साहेबांनी खणातून दुसरा कागद काढला. काल ते स्वतः श्टायगरबाईंकडे जाऊन आले होते. त्यांचा जबाब मैथिलीने मला वाचून दाखवला, दोनच ओळींचा आहे. पहिला माझा, दुसरा त्या इंडियातल्या बाईने धरून करवला, पहिला घ्या. मुलाचे म्हणणे असे होते की आई गोंधळली आहे, तिला काही आठवत नाही. साहेब म्हणाले, गोंधळलेली बाई आपल्याच विरुद्ध जाईल असा बारकावा सांगत नाही, आणि तोच बारकावा दुसरी बाई आपल्यावर शेकेल हे माहीत असताना सांगत नाही. मैथिली म्हणते साहेब एवढे लांब बोलले नाहीत, "दोन्ही जुळतं" एवढेच म्हणाले. मी त्यांच्या चेहऱ्यावरून बाकीचे घेतले.

साहेबांनी स्वच्छ ठशाभोवती चौकोन करून त्यावर काट मारली, बाजूला सही व वेळ घातली. सगळ्या पानांच्या छायाप्रती काढून ठेवल्या. ठसे जमवण्याबद्दल मला तोंडी समज दिली की, पुन्हा असे करू नये, इथे सही पुरते. मी पुन्हा करणार नाही असे सांगितले. माझा व्हिसाही महिनाअखेर संपतो आहे. मूळ कागद, पाने चार, मला ११ वाजून १६ मिनिटांनी परत मिळाला. त्याची ही पोच समजावी.

बस मिळाली तरी राटहाउसला पोचायला बारा होतील असे मैथिलीने घड्याळ बघून सांगितले. साहेब म्हणाले, माझी गस्त त्याच बाजूला आहे. मी लगेच हो म्हटले. पतींच्या नोकरीत जीप रोज दारावरून जायची, पण घरच्या माणसाला तिच्यात बसायची परवानगी नव्हती. श्टायगरबाईंना सोबत घ्यायला गाडी आमच्या घराशी, पायऱ्यांच्या वरच्या टोकाला थांबवावी अशी विनंती केली, ती मान्य झाली. साहेबांनी फोन केला तेव्हा श्टायगरबाई टोपी घालून तयारच होत्या. मुलगा घरी आलेला होता, त्याचे बोलणे फोनमध्ये मागे ऐकू येत होते. बाईंनी तो बोलत असतानाच फोन ठेवून दिला.

येणेप्रमाणे मी बोलले तसे मैथिलीने उतरवले आणि मला सावकाश वाचून दाखवले. हात धरल्याचे वाक्य तिने या वेळी गाळले नाही. लिहिलेले सगळे खरे आहे. जास्त झाले असेल, कमी कुठे नाही.

कागद राटहाउसच्या खिडकीत श्टायगरबाई स्वतः देणार आहेत. मी शेजारी उभी राहीन. मनगट धरणार नाही.

वेळ ११ वाजून २४ मिनिटे.

सही
अहिल्याबाई शशिकांत निकम

समक्ष
मैथिली, दुभाषी
हेर मॉक, पोलीस अधिकारी